साचा धरणारं मशीन आणि तुकडा बघणारं मशीन

ग्वाल्हेरला दौलतगंजात माझ्या मामांचं बुटांची अपर, म्हणजे सोलच्या वरचा चामड्याचा भाग, शिवायचं छोटं युनिट आहे. आग्रा इथून सुमारे १२० किलोमीटर. तिकडून कापलेलं चामडं येतं, इथून शिवलेली अपर जातात, सोल तिकडेच लागतो. दोनेक वर्षांपूर्वी मामांनी एक स्वयंचलित मशीन घेतलं. विकणारा म्हणाला होता, "काय शिवायचंय ते हे स्वतः ओळखतं." मामा समजले, चामड्याचा तुकडा ओळखतं. पहिल्याच आठवड्यात टो-कॅपचा, म्हणजे बुटाच्या टोकावरच्या तुकड्यांचा, एक अख्खा गठ्ठा वाया गेला. टीप काठावरून खाली उतरली होती. तीही सगळ्यांवर सारखी नाही, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे.

मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. त्याच्यातलं "ओळखणारं" म्हणजे बारकोड वाचणारा डोळा होता. चामडं ज्यात धरतात त्या साच्यावर चिकटवलेला बारकोड वाचायचा आणि आठ नंबर, डावा पाय असा प्रोग्राम उघडायचा, एवढंच त्याचं काम. साच्यात चामडं सरळ बसलंय की वाकडं, हे त्याला कळत नव्हतं, आणि कळावं म्हणून ते बनवलेलंही नव्हतं.

शिलाईची मशीनं बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. तेव्हापासून कुणीही विचारायला आलं की आधी मी हे दोन प्रकार वेगळे करून सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला ते एकच वाटतात. दोन्हींत सुई जागच्या जागी वर-खाली होते आणि तिच्याखाली चामडं मागे-पुढे, डावी-उजवीकडे सरकतं. दोन्हींना स्क्रीन असतो, दोन्हींत नक्षीची फाइल भरावी लागते, दोन्ही चालू करून माणूस हात मागे घेतो. फरक आहे तो टीप नेमकी कुठे पडावी हे कोण ठरवतं, यात.

पहिल्या प्रकाराला आमच्याकडे पॅटर्न मशीन म्हणतात. ते एक गोष्ट गृहीत धरून चालतं: तुकडा दर वेळी त्याच जागी असणार. ती हमी साचा देतो. साचा म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या किंवा पीव्हीसीच्या दोन पाट्या, एका बाजूने बिजागरीसारख्या जोडलेल्या. खालच्या पाटीत तुकड्याच्या आकाराचा खळगा. वरच्या पाटीत सुई फिरायला कोरलेली वाट. चामडं घसरू नये म्हणून खळग्याच्या कडेला पॉलिश पेपरच्या पट्ट्या. मामांकडे वीस वर्षं शिवणाऱ्या मावशी आहेत, त्यांचे हात बघण्यासारखे असतात. तुकडा खळग्यात ठेवला की त्या लगेच झाकण लावत नाहीत. अंगठ्याने काठावरून एक फेरा मारतात, जिथे चामडं किंचित वर आलंय तिथे दाबतात, खाच खाचेला लागली की मगच पाटी मिटतात. मशीनची सगळी अचूकता त्या अंगठ्यात असते. पहिल्या आठवड्यात साचे भरायला नवीन मुलगा बसवला होता आणि चामडंही जरा ताणाचं होतं. तुकडे खळग्यात एकेक अंशाने फिरत होते.

एक अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण १५० मिलिमीटर लांब तुकडा एका टोकापाशी १ अंश फिरला, तर दुसऱ्या टोकाला तो २.६ मिलिमीटर सरकतो. काठापासून टीप ठेवायची असते दीड-दोन मिलिमीटरवर. म्हणजे टीप चामड्याच्या बाहेरच जाणार. कापडावर चुकलेली टीप उसवता येते. चामड्यावर सुईचं भोक कायमचं राहतं, तो तुकडा गेलाच.

दुसरा प्रकार म्हणजे खऱ्या अर्थाने बघणारं मशीन. यात तुकडा नेमक्या खळग्यात बसवायची गरज नसते. टेबलावर साधारण जागी ठेवायचा आणि दाबपट्टीने धरायचा. वरून कॅमेरा फोटो घेतो. त्या फोटोतून संगणक तुकड्याचा काठ शोधतो, तो फाइलमधल्या मूळ आकारावर ठेवून बघतो आणि तुकडा किती सरकलाय, किती फिरलाय याचा हिशेब करतो. मग तेवढीच सरकवून आणि फिरवून टिपेची वाट बदलतो. चामडं सरळ करायच्या भानगडीत ते पडत नाही, आपली टीप वाकडी करून घेतं. मी पहिल्यांदा हे आग्र्यात एका कारखान्यात पाहिलं. दिव्याच्या टेबलावर काळी क्वार्टर, म्हणजे बुटाच्या मागच्या बाजूचा तुकडा, मुद्दाम तिरकी ठेवली होती. स्क्रीनवर तिच्या कडेने हिरवी रेघ उमटली, बाजूला पडलेली निळी टिपेची रेघ झटकन वळली आणि हिरवीच्या आत नेमकी जाऊन बसली. त्यानंतर सुई सुरू झाली.

इथे आणखी एक घोळ होतो. पहिल्या गफलतीपेक्षा तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा आहे म्हटलं की लोकांना वाटतं, मशीन शिवताना सतत बघत असेल. बुटांच्या तुकड्यांसाठी मी जी मशीनं पाहिली ती एकदाच बघतात, शिवायच्या आधी. फोटो घेतला, हिशेब केला, त्यानंतर शेवटच्या टाक्यापर्यंत तेही पॅटर्न मशीनइतकंच आंधळं असतं. मधेच चामडं ताणलं किंवा दाबपट्टीखालून घसरलं तर त्याला पत्ता लागत नाही. शिवता शिवता बघत राहणं हे वेगळं आणि फार अवघड काम आहे. अमेरिकेत अटलांटाच्या सॉफ्टवेअर ऑटोमेशन (SoftWear Automation) या कंपनीने कपड्यांसाठी त्या दिशेने काम केलं आहे. तिथे कॅमेरा कापडाची वीण बघून ते किती हललंय याचा माग ठेवतो. तेव्हा विकणाऱ्याला "कॅमेरा आहे का" एवढं विचारून भागत नाही. कॅमेरा कधी बघतो, हे विचारायचं.

बघणं अवघड का, हे चामडं हातात घेतल्याशिवाय कळत नाही. कॅमेऱ्याची बारकाई हा त्यातला सोपा भाग. ३०० मिलिमीटरचं टेबल ३,००० ठिपक्यांत टिपलं तर एक ठिपका ०.१ मिलिमीटरचा झाला. दीड मिलिमीटरच्या अंतरासाठी तो पुरेसा आहे. खरी अडचण उजेडाची. काळं चामडं काळ्या टेबलावर ठेवलं तर काठ सापडतच नाही, म्हणून खालून उजेड देतात आणि तुकडा सावलीसारखा स्वच्छ उठून दिसतो. पण ही युक्ती बाहेरच्या काठापुरतीच. काळ्या व्हॅम्पवर, म्हणजे बुटाच्या पुढच्या तुकड्यावर, काळी टो-कॅप चिकटवलेली असेल आणि टीप टो-कॅपच्या काठाने न्यायची असेल, तर खालून उजेड देऊन उपयोग शून्य, दोन्ही मिळून एकच काळा डाग दिसतो. तिथे उजेड बाजूने, अगदी आडवा टाकावा लागतो. मग टो-कॅपच्या जाडीची बारीक सावली व्हॅम्पवर पडते आणि ती सावली म्हणजेच काठ. पेटंट लेदरवर, म्हणजे चकचकीत चामड्यावर, आणखी निराळा त्रास: दिव्याचंच प्रतिबिंब चकाकतं आणि संगणक त्या चकाकीलाच काठ समजतो. त्यासाठी उजेड पसरवून द्यावा लागतो, नाहीतर कॅमेऱ्यापुढे ध्रुवीकरणाची काच लावावी लागते. स्पोर्ट्स शूजच्या जाळीतून खालचा उजेड आरपार जातो, त्यामुळे काठ तुटक तुटक येतो. साच्याला यातलं काहीच आडवं येत नाही. खळग्याला रंग कळत नाही आणि चकाकीचं त्याला सोयरसुतक नाही.

साचा आणखी एका कामात सरस आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही: थर लावणं. व्हॅम्प खाली, वर टो-कॅप, मधे अस्तर असे तीन तुकडे एका टिपेत जोडायचे असतील तर साच्यात प्रत्येकाला आपापला खळगा देता येतो, आणि तिघांचं आपसातलं अंतर पक्कं राहतं. कॅमेऱ्याला वरचा तुकडा दिसतो. त्याच्याखाली झाकलेला काठ कुठे आहे हे त्याला कसं कळणार? म्हणून कॅमेऱ्याच्या मशीनवर तुकडे आधी चिकटवून द्यावे लागतात, आणि चिकटवणाऱ्याचा हात चुकला तर मशीन ती चूक सुबक टीप घालून पक्की करतं.

मग कॅमेरा हवा कशाला? याचं उत्तर मामांच्या फडताळात आहे. बुटाच्या इंग्लिश मापात एका नंबराचा आणि पुढच्या नंबराचा फरक लांबीत एक तृतीयांश इंच, म्हणजे ८.४७ मिलिमीटर. सात नंबरचा तुकडा आठच्या खळग्यात हलत राहतो, आठचा सातात मावत नाही. प्रत्येक नंबराला वेगळा साचा लागतो आणि डाव्या-उजव्याला पुन्हा वेगळा. ६ ते १० हे पाच नंबर धरले तर दहा साचे, आणि त्या डिझाइनवर तीन ठिकाणी शिलाई असेल तर तीस. पुढच्या हंगामात टो-कॅपचा गोलवा जरा बदलला की ते तीस साचे फडताळात धूळ खात पडतात. कॅमेऱ्याच्या मशीनला साच्यांऐवजी फाइली लागतात. फाइल बदलायला पाटी कोरावी लागत नाही. छोट्या छोट्या ऑर्डरी, दर महिन्याला नवीन नक्षी, एकेका तुकड्यावरची शोभेची टीप असं काम असेल तर कॅमेरा पैसे वसूल करून देतो. शाळेच्या काळ्या बुटांसारखं तेच डिझाइन वर्षानुवर्षं हजारोंनी करायचं असेल, तर साच्याची किंमत प्रत्येक जोडामागे नगण्य होते.

वेगाची तुलना मात्र करू नये. सुईचं डोकं दोन्हींत एकाच जातीचं असतं. जूकीच्या एएमएस-२१० सारख्या पॅटर्न मशीनचा कमाल वेग मिनिटाला २,८०० टाके आहे. ४०० मिलिमीटरची टीप, अडीच मिलिमीटरचा टाका, म्हणजे १६० टाके. पूर्ण वेगात ते साडेतीन सेकंदांत होतात. कोपऱ्यांवर वेग कमी होतो, तरी वेळ खाते ती भरणी. म्हणून एक साचा सुईखाली असताना दुसरा भरून तयार ठेवतात. कॅमेऱ्याने भरणीचा वेळ वाचतो, शिलाईचा वाचत नाही.

या सगळ्यात एक जुनी गोष्ट मला नेहमी आठवते. अपरला सोल शिवायच्या मशीनचं पेटंट लायमन ब्लेक यांना १८५८ मध्ये मिळालं, आणि अपर फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ओढून बसवायच्या मशीनचं यान मात्सेलिगर यांना १८८३ मध्ये. बूट बनवण्यातली ही जड कामं इतक्या लवकर यंत्राकडे गेली, आणि अपरची हलकी शिलाई मात्र, मशीनवर असली तरी, तुकडा फिरवणाऱ्या माणसाच्या हाताशी राहिली. त्या कामांत सोल किंवा फर्मा असं काहीतरी टणक असतं. अपर शिवताना हातात असतो तो फक्त लुळा तुकडा, दर वेळी थोडा वेगळा. साच्याने त्याला टणकपणा उसना दिला. कॅमेऱ्याने त्याचं लुळेपण मान्य करून टीप त्याच्या कलाने घेतली. मागची शिवण घालून अपर गोल झालं की ते सपाट राहत नाही, आणि मग ही दोन्ही मशीनं थांबतात. तिथून पुढे खांबासारख्या उभ्या बैठकीचं पोस्ट-बेड मशीन आणि मावशींचा हात.

मशीन घ्यायला जाल तेव्हा आपल्या कामातलेच चार तुकडे बरोबर न्या, एक अगदी काळा आणि एक चकचकीत. प्रात्यक्षिक करणाऱ्याला तुकडा ठेवू देऊ नका, स्वतः ठेवा, मुद्दाम दहा अंश तिरका. टीप तुकड्याबरोबर वळली तर मशीन बघतंय. टीप टेबलाच्या दिशेनेच सरळ गेली किंवा "आधी साच्यात बसवा" असं उत्तर आलं, तर ते पॅटर्न मशीन आहे, त्याला कितीही कॅमेरे लावलेले असोत. मग पहिल्या तुकड्यावर दुसरा चिकटवून तीच परीक्षा पुन्हा घ्या, या वेळी आतल्या काठाने.

मामांनी पॅटर्न मशीन परत केलं नाही. साच्यांच्या खळग्यांत दोन-दोन बारीक पिना बसवल्या, आग्र्याहून येणाऱ्या तुकड्यांना चामडं कापायच्या डायमध्येच तशी भोकं पाडून घेतली, आणि साचे भरायला त्या नवीन मुलाच्या शेजारी महिनाभर मावशींना बसवलं. आता तोही पाटी मिटण्याआधी काठावरून अंगठा फिरवतो.