स्वीट कॉर्न

दाणे पिकून कडक होण्याआधी, कणीस दुधात असतानाच तोडून भाजीसारखे खाण्यासाठी पिकवल्या जाणाऱ्या मक्याला स्वीट कॉर्न किंवा गोड मका म्हणतात. वनस्पती तीच, झिया मेज. पिठाचा मका, पशुखाद्याचा मका आणि लाह्यांचा मका यांच्यापासून गोड मका वेगळा होतो तो एखाद्या जनुकातील बदलामुळे. साध्या मक्याच्या दाण्यात साखर पोहोचली की तिचे भराभर स्टार्च होते. गोड मक्यात ही वाट मध्येच कुठेतरी अडलेली असते. कणीस कधी तोडावे, किती दिवस ठेवावे, किती मिनिटे शिजवावे, या प्रश्नांची उत्तरे शेवटी या अडथळ्यापाशीच येऊन थांबतात. म्हणून या नोंदीत पाककृतींआधी साखरेचा हिशेब आला आहे.

मक्याची शेती सुमारे ९,००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात टिओसिंटे या रानगवतापासून सुरू झाली. गोड दाण्यांचे वाण त्यानंतर अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांनी जपले. युरोपीय वसाहतवाल्यांच्या हाती गोड मका आल्याची पहिली नोंद १७७९ मधली आहे आणि ती फारशी सुखावह नाही. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात जनरल सलिव्हन यांच्या अमेरिकन सैन्याने त्या वर्षी इरोक्वॉय या मूळ रहिवाशांची गावे आणि मक्याची शेते जाळली. त्याच मोहिमेतून पापून नावाच्या गोड मक्याचे बियाणे बाहेर आले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे बराच काळ अमेरिकेत पांढऱ्या दाण्याचाच मका ताटात शोभतो आणि पिवळा जनावरांचा, अशी समजूत होती. १९०२ मध्ये बर्पी या बियाणे कंपनीने गोल्डन बँटम हे पिवळे, बुटके, पण चवीला सरस वाण विकायला काढले आणि ती समजूत हळूहळू मोडली. रंगाचा गोडीशी संबंध नाही, हे मात्र आजही अनेकांना पटत नाही.

गोडीचा संबंध आहे तो जनुकांशी. जुन्या वाणांत शुगरी या जनुकाचा बदल असतो. त्यात साखरेबरोबर फायटोग्लायकोजेन नावाचे पाण्यात विरघळणारे कर्बोदक साठते, आणि दाणा चावल्यावर तोंडात जी सायीसारखी मऊ दाटी जाणवते ती त्याचीच. १९५० च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठातील वनस्पती-आनुवंशिकीतज्ज्ञ जॉन लाफनन यांनी सुकून सुरकुतलेले काही दाणे सहज तोंडात टाकले आणि ते विलक्षण गोड लागले. श्रंकन-२ या जनुकाबद्दलचे त्यांचे संशोधन १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. या जनुकात बदल असलेल्या अतिगोड वाणांत स्टार्च तयार करणारे एक मुख्य विकरच (एन्झाइम) निकामी असते. त्यामुळे साखर जुन्या वाणांच्या दुप्पट-तिप्पट भरते आणि तोडल्यावरही बरेच दिवस टिकते. लांबच्या बाजारपेठेत मिळणारा बहुतेक गोड मका या घराण्यातला असतो. त्याची किंमत मात्र दाण्याच्या मऊपणात मोजावी लागते. दाणा कुरकुरीत, रसाळ आणि गोड लागतो, पण सायीची दाटी त्यात नसते. तिसरे, शुगरी-एन्हान्स्ड हे घराणे या दोहोंच्या मधले. साल कोवळी, गोडी भरपूर आणि मऊपणाही शिल्लक. चवीचा निवाडा करायचाच तर शेत जवळ असताना शुगरी-एन्हान्स्ड किंवा जुना वाण निवडावा. कणीस प्रवास करून येणार असेल तर अतिगोडच बरा.

शेतकऱ्यासाठी यातून एक डोकेदुखी निघते. मक्याचे परागकण वाऱ्याने उडतात आणि दाण्याची चव आईइतकीच परागावरही ठरते. शेजारी पिठाचा मका तुऱ्यात असेल तर गोड मक्याचे दाणे पिठूळ भरतात. जुना गोड वाण आणि अतिगोड वाण शेजारी लावले तरी हेच होते: आईबाप दोघेही गोड आणि दाणे मात्र पिठूळ, कारण एकातली उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळे अशी शेते लांब ठेवतात किंवा पेरणीत दोन-तीन आठवड्यांचे अंतर राखतात.

कणसाच्या टोकातून बाहेर आलेला प्रत्येक रेशमी केस एकेका दाण्याचा असतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याचा दाणाच भरत नाही. कणसात मधेच दिसणारी रिकामी जागा ती हीच. परागसिंचनानंतर साधारण तीन आठवड्यांनी कणीस खाण्याजोगे होते. त्या वेळी केस तपकिरी होऊन सुकलेले, पण वरची पाने हिरवी, ओलसर आणि घट्ट लपेटलेली असतात. देठाचा कापलेला भाग फिकट आणि ओला असावा. तो तपकिरी झाला असेल तर कणसाने बरेच दिवस पाहिले आहेत. पानांवरूनच टोक चाचपले तर दाणे शेंड्यापर्यंत भरले आहेत का ते कळते, त्यासाठी पाने सोलून पाहण्याची गरज नसते. सोललेले आणि परत टाकलेले कणीस तासाभरात सुकू लागते, आणि ते नंतर येणाऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येते. नखाने दाणा फोडून पाहण्याची जुनी पद्धत शेतात ठीक आहे. पांढरा दुधी रस आला तर कणीस तयार, पाणचट आला तर कोवळे, पिठासारखा लगदा आला तर जून. मात्र अतिगोड वाणांचा रस तयार असतानाही बराचसा पाणचटच दिसतो, तिथे ही परीक्षा फसते. शेंड्याला अळी सापडली तर तेवढा भाग छाटून टाकावा. बाकीचे कणीस चांगलेच असते.

कणीस तोडल्यावरही दाणा जिवंत असतो आणि साखर खर्च करत राहतो. जुन्या वाणाच्या कणसातली सुमारे ६० टक्के साखर ३० अंश सेल्सिअसला एका दिवसात नाहीशी होऊ शकते. ० अंशाला तीच घट ६ टक्क्यांच्या आसपास राहते. आधी आधण ठेवा आणि मग शेतात कणीस तोडायला जा, हा जुना सल्ला अतिशयोक्त वाटला तरी त्या काळच्या वाणांसाठी खराच होता. आजही घरी आणलेली कणसे पानांसकट, ओलसर फडक्यात किंवा पिशवीत गुंडाळून लगेच शीतकपाटात ठेवावीत आणि एक-दोन दिवसांत संपवावीत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर टोपलीत रचलेली कणसे दिसायला छान दिसतात, एवढेच.

शिजवताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे वेळ. ताज्या गोड मक्याला उकळत्या पाण्यात ३ ते ५ मिनिटे पुरतात. अर्धा-अर्धा तास उकळण्याची सवय पिठाच्या मक्यावरून आली असावी. त्याच्या जून दाण्याला ते लागतेच, इथे मात्र साल चिवट होते आणि साखर पाण्यात उतरते. दाण्यातले स्टार्च साधारण ६५ ते ७० अंशांच्या पुढे फुगून मऊ होते, तर पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन ८५ अंशांच्या आसपास सुटू लागते. या दोन तापमानांच्या मधे दाणा शिजलेला तरी टणटणीत राहतो. याचा फायदा घेणारी एक निवांत रीत आहे: भरपूर पाण्याला उकळी आणावी, सोललेली कणसे सोडावीत, झाकण घालून आच बंद करावी. दहा मिनिटांत ती तयार होतात आणि आणखी दहा मिनिटे विसरली तरी बिघडत नाहीत. पाहुणे जमल्यावर हीच पद्धत सोयीची.

पाण्यात मीठ घातल्याने दाणे कडक होतात, असे अनेक स्वयंपाकी सांगतात. इतक्या थोड्या वेळात मीठ ना दाणा कडक करते ना सालीतून आत शिरते. ते वरूनच लावणे शहाणपणाचे. पाणी खूप जड असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे पेक्टिन घट्ट राहते, तिथे कडकपणाची तक्रार खरी असू शकते. पाण्यात साखर घालण्याची गरज पडत असेल तर कणीसच शिळे आहे.

एक-दोघांपुरते करायचे तर मायक्रोवेव्हला तोड नाही. न सोललेले कणीस पूर्ण शक्तीवर ३ ते ४ मिनिटे ठेवावे, देठाकडचा भाग दाण्यांच्या पहिल्या ओळीसकट कापावा आणि केसांच्या टोकाला कापडाने धरून दाबावे. कणीस घसरून बाहेर येते आणि केस जवळपास सगळे पानांतच राहतात. वाफेचा चटका मात्र जोरदार बसतो.

उकडलेल्या मक्याचा ओळखीचा वास मुख्यतः डायमिथाइल सल्फाइडचा. दाण्यातील एका गंधकयुक्त संयुगापासून ते उष्णतेने सुटते. भाजल्यावर त्यात दुसरा थर चढतो. साखर आणि अमिनो आम्ले तापून तपकिरी होतात, आणि गोड मक्यात साखर भरपूर असल्याने हे फार चटकन घडते. तिथेच हात आवरावा लागतो: आच मोठी हवी, कणीस सतत फिरवले पाहिजे आणि ८-१० मिनिटांत उतरवले पाहिजे. मंद निखाऱ्यावर रेंगाळलेला दाणा आतून सुकतो. पानांसकट निखाऱ्यावर ठेवलेले कणीस खरे तर वाफवलेच जाते. पाने जळून थोडा धुराचा वास लागतो, दाणे मात्र डागत नाहीत. डाग हवे असतील तर शेवटची दोन-तीन मिनिटे पाने मागे ओढून उघड्या आचेवर धरावे. पाने आधी तासभर भिजवण्याने विशेष फरक पडत नाही.

त्याच दिवशी तोडलेला मका कच्चाही उत्तम लागतो आणि तो कच्चा खाण्याचा योग एकदा तरी साधावा. दाणे कापताना सुरी दांड्यात खोल घालू नये, तळाचे चिवट आवरण सोबत येते. वरचा दोन-तृतीयांश दाणा कापून मग सुरीच्या पाठीने दांडा खरवडला की दाट दूध निघते. जुन्या वाणांचे हे दूध मंद आचेवर ढवळले तर पीठ न लावताच दाटते, आणि मक्याच्या सूपला याहून चांगला आधार नाही. अतिगोड वाणांच्या दुधात दाटण्यासारखे स्टार्च फारसे नसते; तिथे बटाटा किंवा थोडे पीठ घालावे लागते. तेच दाणे गरम, कोरड्या तव्यावर न ढवळता मिनिटभर पसरून ठेवले तर मात्र अतिगोड वाण बाजी मारतात. तडतडून उडतात, एवढे सांभाळावे.

वरून काय लावावे याला अंत नाही. लोण्याने पिवळ्या दाण्यातील ल्युटिन आणि झियाझँथिन ही मेदात विरघळणारी रंगद्रव्ये शरीरात अधिक शोषली जातात. शिवाय मीठ दाण्याला चिकटून राहते, आणि खाणाऱ्याला पहिल्यापेक्षा दुसऱ्या कारणाचे मोल अधिक. अतिगोड वाणांना लिंबू, तिखट किंवा खारट चीज यांपैकी काहीतरी हवेच, नाहीतर तिसऱ्या घासाला कंटाळा येतो. जुन्या वाणाला मीठ पुरते.

कच्च्या गोड मक्याच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ७६ टक्के पाणी, ३ ग्रॅम प्रथिने, ६ ग्रॅम साखर आणि ८६ किलोकॅलरी असतात. शिजवल्याने क जीवनसत्त्व घटते. पण कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की ११५ अंशांवर २५ मिनिटे तापवलेल्या गोड मक्यात मुक्त फेरुलिक आम्ल हे अँटिऑक्सिडंट कित्येक पटींनी वाढते आणि अँटिऑक्सिडंट क्षमताही ४४ टक्क्यांनी वाढते. हे डबाबंद मक्याच्या बाजूने बोलणारे निष्कर्ष आहेत. चवीबद्दल ते काही म्हणत नाहीत.

साठवायचा असेल तर कणीस ४-६ मिनिटे उकळत्या पाण्यात, मग तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवून दाणे कापावेत आणि गोठवावेत. उकळण्याने विकरे निकामी होतात, नाहीतर गोठलेल्या दाण्यांनाही काही महिन्यांत गवतासारखा वास येतो. उरलेली बुरकुंडे, म्हणजे दाणे काढलेले दांडे, पाण्यात अर्धा तास मंद उकळून गाळली की फिकट पिवळे, गोडसर पाणी मिळते. सूप किंवा भात त्यात शिजवता येतो.