डेन्मार्कच्या राजगीताची चाल कोणाची?

डेन्मार्कच्या राजगीताची चाल योहान एर्न्स्ट हार्टमान यांनी बांधली, असं अजूनही बिनदिक्कत छापलं जातं. समजाचं मूळ सरळ आहे. कवी योहानेस एवाल्ड यांनी लिहिलेले या गीताचे शब्द १७८० मध्ये ‘फिस्कर्ना’ या संगीत नाटकातून कोपनहेगनच्या रंगमंचावर आले आणि नाटकाला संगीत हार्टमान यांचं होतं. पण बास्ट बंधूंच्या व्हायोलिनवर वाजवायच्या चालींच्या वहीत हीच चाल नाटकाआधीच उतरवलेली सापडते! म्हणजे हार्टमान यांनी रुळलेली चाल उचलली. त्या काळी यात कुणाला वावगं वाटत नसे. मूळ कर्ता अज्ञातच. १७९४ च्या क्रिस्टियान्सबोर्ग राजवाड्याच्या आगीत हार्टमान यांची बरीच हस्तलिखितं जळाली. आजचं प्रचलित रूप मात्र संगीतकार कुलाउ यांच्या १८२८ च्या ‘एल्व्हरहॉय’ या नाटकाच्या संगीतामुळे रुजलं.