शाहूकाल आणि पेशवाई: १७१३ची सोयीस्कर रेघ

शिवकालाविषयी फारसा घोळ नाही. कोणी तो १६८०ला संपवतो, कोणी संभाजी, राजाराम आणि ताराबाईंची झुंज त्यात धरून १७०७पर्यंत नेतो. कुठवर धरला ते सांगितले म्हणजे झाले. खरी गल्लत त्यापुढे होते. बाळाजी विश्वनाथांना १७१३मध्ये पेशवेपद मिळाले, तेव्हापासून पेशवाई सुरू, असे बिनदिक्कत लिहिले जाते आणि शाहू महाराजांची चार दशकांची कारकीर्द पेशव्यांच्या खात्यावर जमा होते. शिवाजी महाराजांचे मोरोपंत पिंगळेही पेशवेच होते. त्यांच्या काळाला पेशवाई म्हणायचे कोणाच्या मनातही येत नाही.

कालखंडाचे नाव ठरवताना पेशव्याला नेमणारा आणि दूर करणारा कोण, हे पाहावे. १७२० मध्ये दरबारातील मातब्बरांचा विरोध असताना विशीतल्या बाजीरावांना पेशवेपद दिले ते शाहूंनी. पुढे १७४७मध्ये त्यांनीच बाजीरावांचे पुत्र नानासाहेब पेशवे यांना पदावरून दूर केले आणि थोड्याच काळात पुन्हा नेमले. स्वाऱ्या पेशव्यांच्या, पराक्रम पेशव्यांचा, पण अखेरचा शब्द साताऱ्याचा, अशी ती व्यवस्था होती. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निवर्तले, १७५०मध्ये कारभाराची सूत्रे पेशव्याकडे सोपवणारा सांगोल्याचा करार झाला, आणि त्यानंतर मात्र पेशव्याला घरी बसवू शकेल असा छत्रपती साताऱ्यात उरला नाही.

पेशव्यांच्या शिक्क्यांवरून हा बदल ओळखू जाल तर फसाल. आधीच्या शिक्क्यांत ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ असे, नंतरच्यांत शाहूंच्या जागी त्यांच्यामागून गादीवर आलेल्या दुसऱ्या राजारामांचे नाव आले. पेशवेपदाची वस्त्रेही साताऱ्याहूनच येत राहिली. रिवाज तोच राहिला, पण कारभार पुण्याला गेला होता.

तरीही १७१३च पाठ होते, कारण पेशव्यांची वंशावळ क्रमाने मांडणे सोपे आणि पुण्याच्या पेशवे दफ्तराचा पसाराही प्रचंड. माझ्या मते १७०८ ते १७४९ला सरळ शाहूकाल म्हणावे आणि १७५० ते १८१८ला पेशवाई. या हिशेबाने १७३९ची वसईची मोहीम शाहूकालात आणि १७६१चे पानिपत पेशवाईत पडते. कोल्हापूरच्या वेगळ्या छत्रपती गादीला तर यांतले एकही नाव लागू पडत नाही, त्यामुळे अख्ख्या अठराव्या शतकावर ‘पेशवेकालीन महाराष्ट्र’ असा शिक्का मारणाऱ्यांनी पंचगंगेकाठचा मुलूख आधी त्यातून वगळावा.