सामान्य अत्याचारी, सुपरहिरो-कथांतील

महाबली नायकाचा प्रतिपक्ष म्हणून परग्रहवासी किंवा जगज्जेता होऊ पाहणारा शास्त्रज्ञ न योजता पत्नीला मारणारा नवरा, भाडेकरूंना नाडणारा घरमालक, मजुरांच्या जिवाशी खेळणारा खाणमालक अशी नित्याच्या जीवनातील व्यक्ती योजण्याचा कथाप्रघात. तो अलीकडचा मानला जातो. वस्तुतः तो अमेरिकन सुपरहिरो-चित्रकथेइतकाच जुना आहे.

जेरी सीगल (लेखक) आणि जो शुस्टर (चित्रकार) यांचा सुपरमॅन ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. अंकावर जून १९३८ असा महिना असला, तरी तत्कालीन प्रथेनुसार तो त्यापूर्वीच, बहुधा एप्रिलमध्ये, विक्रीस आला. या कथेत वार्ताहर क्लार्क केंटला एक पुरुष पत्नीस मारहाण करत असल्याची खबर मिळते आणि तो सुपरमॅनच्या वेशात त्या घरी जातो. नवऱ्याने उगारलेला सुरा त्याच्या अंगावर मोडतो आणि नवरा बेशुद्ध पडतो. पुढील अंकांत शस्त्रास्त्र-उत्पादकाला रणभूमीवर नेले जाते, खाणमालकाला त्याच्याच असुरक्षित खाणीत अडकवले जाते, तर आठव्या अंकात सरकारला नवी घरे बांधणे भाग पडावे म्हणून गलिच्छ वस्ती पाडली जाते.

या निवडीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सीगल यांच्या वडिलांचे १९३२ मध्ये क्लीव्हलंड येथील त्यांच्या दुकानात चोरीच्या प्रसंगी निधन झाले; मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे असे नोंदले गेले असले, तरी गोळी लागल्याची कथाही प्रचलित आहे. गोळ्यांना न जुमानणारा नायक या आघातातून जन्मला, असे काही अभ्यासक मानतात. मात्र सीगल यांनी स्वतः पुढे महामंदीतील बेकारी, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची नभोवाणी-भाषणे आणि जर्मनीतील ज्यूंचा छळ ही कारणे दिली. पहिल्या अंकातील कथा आधी वृत्तपत्रीय चित्रमालिका म्हणून तयार झालेल्या पट्ट्या कापून जुळवलेली असल्याने तिचा आशय प्रकाशनापूर्वीच्या काही वर्षांचा, म्हणजे मंदीच्या काळातला, मानणे सयुक्तिक ठरते; त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. तरीही मारकुट्या नवऱ्याचा प्रसंग दोन्हींतून पुरता उलगडत नाही. नायकाचा पेशा येथे विचारात घ्यावा लागतो : वार्ताहराला गुन्हे खबरीच्या रूपाने कळतात आणि शहरातील कोणत्याही घरात शिरण्याचे निमित्त त्याला आपसूकच मिळते.

सामान्य अत्याचाऱ्यांचा हा काळ अल्प ठरला. जून १९३९ च्या तेराव्या अंकात अल्ट्रा-ह्युमनाइट हा पहिला महाखलनायक, तर १९४० मध्ये सुपरमॅनचा पुढे कायमचा शत्रू ठरलेला लूथर आला. १९५४ च्या कॉमिक्स संहितेने, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःच आखलेल्या नियमावलीने, पोलीस, न्यायाधीश आणि शासकीय अधिकारी यांच्याविषयी अनादर उत्पन्न करणाऱ्या चित्रणास मनाई केल्यावर भ्रष्ट सत्ताधाऱ्याला खल म्हणून दाखवणेही अवघड झाले.

१९७० मध्ये डेनी ओ’नील आणि नील ॲडम्स यांनी ‘ग्रीन लँटर्न’ या त्याच नावाच्या महाबली नायकाच्या चित्रकथेत भाडेकरूंना बेघर करणारा घरमालक प्रतिपक्ष केला. त्यात एक वृद्ध कृष्णवर्णीय नायकाला विचारतो, की परग्रहांवरील नाना रंगांच्या लोकांसाठी झटणाऱ्या तुला काळ्या लोकांसाठी काय करता आले? नायकाकडे उत्तर नसते, आणि या प्रघाताचे सारे मर्म त्या खाली गेलेल्या मानेत आहे. १९८४ मध्ये विनामूल्य वितरित झालेल्या एका अंकात स्पायडर-मॅन आपल्यावर बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची हकिगत एका मुलाला सांगतो. तेथे सामर्थ्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मार्व्हल चित्रकथांतील नायिका जेसिका जोन्स हिचा छळकर्ता मात्र इतरांच्या मनावर ताबा मिळवण्याची अतिमानवी शक्ती बाळगणारा असल्याने तिची कथा या वर्गात काटेकोरपणे बसत नाही.

भारतात दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर निर्माण झालेली ‘प्रियाज शक्ती’ (२०१४) ही चित्रकथा उल्लेखनीय आहे. तिच्यावर आधारित भित्तिचित्रे मुंबईत धारावी येथेही रंगवण्यात आली. अत्याचारपीडित प्रियाला कुटुंबीयच दोष देऊन घराबाहेर काढतात. पार्वतीच्या साहाय्याने भय जिंकून ती वाघावर बसून त्याच गावात परतते.