जर-तरचं इंग्रजी : फी भरण्याआधी हे वाचा

नमस्कार. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या छोट्या वर्गात जर-तरची वाक्यं, म्हणजे ‘कंडिशनल्स’, सहा रविवार चालतात. एवढ्याशा व्याकरणाला दीड महिना कशाला, असं पालक विचारतात. आणि उदाहरणं पुराची, भूकंपाची, नारळी पौर्णिमेची का, असंही. म्हणून हे पत्रक. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, आधी जिभेवर बसावीत म्हणून. फळ्यावर ती इंग्रजीतच असतात.

घोळ इंग्रजीत कमी, आपल्या मराठीच्या सवयीत जास्त आहे. आपण म्हणतो, ‘पाऊस आला तर घरीच थांबेन.’ पाऊस अजून यायचाय, तरी क्रियापद ‘आला’. मुलं तेच उचलतात : ‘इफ इट रेन्ड, आय विल स्टे.’ कुणी दुसरं टोक गाठतं : ‘इफ इट विल रेन.’ हवं असतं ‘इफ इट रेन्स, आय विल स्टे होम.’ ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण लिहून आम्ही सुरुवात करतो. तिच्यात दोन्हीकडे भविष्यकाळ आहे, इंग्रजीत ‘विल’ एकच उरतो. कुठला खोडायचा, यावर पहिला अर्धा तास भांडणात जातो. आम्ही जाऊ देतो.

त्याहून मोठा गुंता ‘असता-असती’चा. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.’ आत्याबाई समोर बसलीय, मिशा आत्ता नाहीत. ‘काल छत्री नेली असती तर भिजलो नसतो.’ हे मात्र होऊन गेलं. मराठी दोन्हींना एकाच ‘असतं’वर भागवते, इंग्रजी त्यांना वेगळं ठेवते. आत्याबाईसाठी : ‘इफ आंटी हॅड अ मुस्टॅश, वुई वुड कॉल हर अंकल.’ छत्रीसाठी : ‘इफ आय हॅड टेकन ॲन अम्ब्रेला, आय वुडन्ट हॅव गॉट वेट.’ एक सेकंड कंडिशनल, एक थर्ड. नावं विसरलात तरी हरकत नाही, आत्याबाई आणि छत्री विसरू नका.

आता आपत्ती का, तर माणूस ‘असं झालं असतं तर’ सर्वात मनापासून आपत्तीनंतर म्हणतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात समुद्राला भरती. आमच्या एका बॅचमध्ये त्या दिवशी कुर्ल्याला अडकलेल्या ताई होत्या. चपला हातात, पर्स डोक्यावर, कमरेएवढ्या पाण्यातून ठाण्यापर्यंत. सांगताना अडखळत म्हणाल्या, ‘इफ आय डिडन्ट टेक दॅट लोकल...’ आणि थांबल्या. वाक्य सगळ्या वर्गाने मिळून पुरं केलं : ‘इफ आय हॅडन्ट टेकन दॅट लोकल, आय वुडन्ट हॅव वॉक्ड होम फ्रॉम कुर्ला.’ त्यानंतर त्या बॅचमध्ये ‘हॅड टेकन’ कुणाचं चुकलं नाही.

किल्लारीचं उदाहरण आम्ही जपून घेतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, आदल्या रात्री गणपती विसर्जन. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर पडल्या. ‘इफ द वॉल्स हॅड बीन लायटर, मोअर पीपल वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड.’ वर्गात लातूरकडचं कुणी असेल तर आधी विचारतो, नको असेल तर वगळतो.

पण आमचं आवडतं उदाहरण इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटाचं. १९०७ च्या त्सुनामीत तिथे पुष्कळ माणसं गेली. वाचलेल्यांनी ती आठवण गोष्टींत आणि अंगाईत गुंफली, तिला ‘स्मोंग’ म्हणतात. तिचं सार एक जर-तर आहे : जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला, तर डोंगराकडे पळा. ‘इफ द अर्थ शेक्स हार्ड अँड द सी गोज बॅक, रन टु द हिल.’ २६ डिसेंबर २००४ ला पुन्हा त्सुनामी आली, तेव्हा लोक तसेच पळाले. बेटावर सुमारे ७८,००० माणसं होती, मृत्यू ७. व्याकरणाच्या पुस्तकात हे वाक्य सापडणार नाही, पण इफच्या पुढे थेट आज्ञा कशी येते, हे याहून चांगलं कसं शिकवणार?

परंपरा आपल्याकडेही अशाच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. चेंदणी कोळीवाड्यातल्या कुणाला विचारा, वारा कसा असला की होडी काढत नाहीत, ते सगळं झीरो कंडिशनलमध्ये, म्हणजे ‘असं असलं की नेहमी तसंच होतं’ या साच्यात सांगतील. फक्त मराठीत.

शेवटच्या रविवारी वर्ग तलावपाळीवर, मासुंदा तलावाच्या काठी भरतो. तिथे मिक्स्ड कंडिशनल, भूतकाळातलं कारण आणि आजचा परिणाम : ‘इफ दे हॅड फिल्ड इन मासुंदा, वुई वुडन्ट बी सिटिंग हिअर.’ आइस्क्रीम ज्याचं त्याने घ्यायचं.

बॅच बारा जणांची, रविवारी सकाळी, दहावीपुढचे कुणीही चालतील. आई आणि मुलगी एकाच बॅचला आल्या तर दोन बाकांवर बसवतो, कारण एक दुसरीची वाक्यं पूर्ण करते. पहिला वर्ग बसून पाहा, आवडला तर फी भरा. येताना घरातल्या मोठ्यांकडून जर-तरची एक म्हण लिहून आणा. मिशांची सोडून.