काठमांडूला आधार कार्ड चालतं? अर्धंच खरं

काठमांडूची सहल ठरली की कुणीतरी हमखास सांगतं, 'नेपाळला व्हिसा लागत नाही, आधार कार्ड खिशात टाका आणि निघा!' यातलं पहिलं वाक्य खरं आहे. भारत-नेपाळ यांच्यातल्या १९५० च्या करारामुळे भारतीयांना नेपाळमध्ये व्हिसाची गरज नाही. पण व्हिसा नको म्हणजे कुठलंही ओळखपत्र चालेल, असं नाही.

विमानाने जाणाऱ्या प्रौढ भारतीयाने मूळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र जवळ ठेवावं. आधार चालतं ते फक्त १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. ही मुभा केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केली, आणि बहुधा गोंधळ तिथूनच वाढला: आजीचं आधार चाललं, मग माझं का नाही? १५ ते ६५ वयातल्यांनी पॅन कार्ड तर विसराच. एकत्र निघालेल्या कुटुंबाला थोडी सवलत आहे. एका प्रौढाकडे वैध कागद असेल, तर इतरांना नातं दाखवणारा फोटोसह पुरावा, उदाहरणार्थ रेशन कार्ड, चालू शकतो. तरी प्रत्येकाचा स्वतंत्र कागद असलेला बरा. काउंटरवर रांग खोळंबलेली असताना नियम समजावत बसण्यात मजा नाही.

सीमेवरच्या सुनौली किंवा रक्सौलहून रस्त्याने गेलेले लोक 'आम्हाला कुणी विचारलंच नाही' म्हणतात. तिथली तपासणी सैल असते, विमानतळावरची नाही. आणि दुबईसारख्या तिसऱ्या देशातून काठमांडूला उतरणार असाल, तर पासपोर्टला पर्यायच नाही.