महाराष्ट्रातले छोटे विमानतळ : सुरक्षा, देखभाल आणि पैसा

मुंबई, पुणे, नागपूर सोडले की महाराष्ट्रात जे विमानतळ उरतात त्यांना ढोबळमानाने छोटे विमानतळ म्हणतात. कोल्हापूर, जळगाव, सोलापूर, नांदेड, लातूर, अमरावती, गोंदिया, चिपी, बारामती, धुळे, कराड अशी ही यादी बरीच लांब आहे. काही ठिकाणी रोज फ्लाइट असते, काही ठिकाणी आठवड्यातून मोजक्या, आणि काही ठिकाणी फक्त फ्लाइंग स्कूलची विमानं आणि मंत्र्यांचं चार्टर उतरतं. मालक पण एक नाही. कोल्हापूर, जळगाव, सोलापूर, गोंदिया भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, शिर्डी आणि अमरावती राज्य सरकारच्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, नाशिकचं ओझर विमानं बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीकडे, सिंधुदुर्गातलं चिपी खासगी कंपनीने बांधलेलं. नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती हे ५ विमानतळ एमआयडीसीने २००९ मध्ये रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या लीजवर दिले होते. त्यामुळे "रनवेला खड्डा पडला, कोण बुजवणार" या साध्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक गावात वेगळं मिळतं.

यातले बरेच रनवे विमानप्रवासासाठी बांधलेलेच नव्हते हे लक्षात घेतलं पाहिजे. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. गोंदियाची बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी केली, कराडची कोयना धरणाच्या कामासाठी झाली. म्हणजे आधी गरजेपुरती पट्टी, मग शहर वाढत वाढत तिच्या कुंपणाला येऊन भिडलं, आणि मग कोणीतरी म्हणालं की आता इथून फ्लाइट पाहिजे. सुरक्षेचे निम्मे प्रश्न इथूनच येतात.

सुरक्षा

प्रवासी फ्लाइट सुरू करायची तर डीजीसीए म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाचं लायसन्स लागतं, आणि ते मिळायला टर्मिनल किती चकाचक आहे याचा फारसा संबंध नसतो. बघतात ते रनवेची लांबी आणि ताकद, दोन्ही टोकांना सोडलेली मोकळी जागा, आजूबाजूचे अडथळे, फायर ब्रिगेड, दिवे आणि कंपाउंड.

अडथळ्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सोलापूरचं. होटगी रोडवरच्या विमानतळाच्या जवळ सिद्धेश्वर साखर कारखान्याची को-जनरेशनची (वीजनिर्मितीची) चिमणी उभी राहिली, उंची ९० मीटरच्या आसपास, आणि ती विमानाच्या उतरण्याच्या वाटेत येत होती. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली, सभासद आणि कामगारांनी विरोध केला, त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं कारण गाळप बंद पडलं तर ऊस कुठे न्यायचा. शेवटी १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि गोव्याची फ्लाइट सुरू व्हायला ९ जून २०२५ उजाडला. चिमणी बांधतानाच ती थांबवली असती तर कारखान्याचं नुकसान टळलं असतं आणि शहराची वर्षंही वाचली असती, असं मला मनापासून वाटतं. उंच बांधकामाला विमानतळ प्राधिकरणाची एनओसी लागते हा नियम आहेच, फक्त तो पायाभरणीच्या वेळी पाळायचा असतो. सोलापूरला बोरामणी इथे दुसरा मोठा विमानतळ करायचं पण ठरलं होतं, तो वनजमीन आणि माळढोकाच्या प्रश्नात अडकला, म्हणून सगळा भार पुन्हा जुन्याच पट्टीवर आला.

दुसरा मुद्दा रनवेच्या टोकाचा. विमान कधीकधी थांबायच्या जागी थांबत नाही, पुढे जातं. म्हणून धावपट्टीच्या दोन्ही टोकांना, तिच्या भोवतीच्या मोकळ्या पट्टीच्याही पलीकडे किमान ९० मीटर मोकळा सपाट भाग ठेवावाच लागतो, २४० मीटर असेल तर उत्तम. शिर्डीला २९ एप्रिल २०१९ ला दिल्लीहून आलेलं विमान रनवे सोडून पुढे गेलं, कोणी जखमी झालं नाही, पण एकच रनवे असल्याने तो बंद म्हणजे विमानतळच बंद. मोठ्या शहरात बरेचदा पर्यायी धावपट्टी असते किंवा शेजारी दुसरा विमानतळ असतो, इथे तसं काही नसतं.

मग दृश्यमानता. इन्स्ट्रुमेंट लँडिंगची सोय नसेल तर पायलटला डोळ्यांनी बघून उतरावं लागतं आणि त्याला साधारण ५ किलोमीटर लांबचं दिसणं गरजेचं असतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये शिर्डीला धुक्यामुळे कित्येक दिवस सगळ्या फ्लाइट रद्द होत राहिल्या त्या याच कारणाने. आमच्या गावची फ्लाइट रोज कॅन्सल होते अशी तक्रार लोक एअरलाइनच्या नावाने करतात, पण मूळ कारण बरेचदा जमिनीवर न बसवलेल्या यंत्रात असतं.

देखभाल

हे काम दिसत नाही म्हणून त्याला कोणी रिबन कापत नाही. गवत घ्या. पावसाळ्यात ते वाढलं की किडे येतात, किड्यांमागे टिटव्या आणि बगळे, उंदरांमागे घारी, आणि पक्षी इंजिनात गेला तर काय होतं ते सांगायला नको. पार बोडकं केलं तर माती उडते, म्हणून ठरावीक उंचीवर सतत कापत राहावं लागतं. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापणं आणि कचरा टाकणं कायद्याने बंद आहे, पण नगरपालिकेचा कचरा डेपो त्याच रस्त्याला असला की घारी काही नियम वाचत नाहीत. कंपाउंडला एक भगदाड पडलं की कुत्री, कोल्हे, डुकरं आत. फ्लाइट नसलेल्या पट्ट्यांवर तर लोक सकाळी फिरायला येतात, गुरं चारतात, गाडी शिकतात, आणि मग एखाद्या दिवशी अचानक विमान येतं.

रनवेवर टायरचं रबर साचतं ते काढावं लागतं, भेगा भराव्या लागतात, बाजूचे चर साफ नसतील तर कोकणातल्या पावसात पाणी साचून ब्रेक लागत नाहीत. दिवे, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक, वीज गेली तर जनरेटर. आणि बंब. ७०-७२ सीटच्या एटीआर विमानासाठी अग्निशमनाची पाचवी श्रेणी लागते, एअरबस ए-३२० साठी सहावी, आणि बंबाने ३ मिनिटांच्या आत रनवेच्या कुठल्याही टोकाला पोचून फोम मारायला सुरुवात करायची असते. बंब बिघडला किंवा माणसं कमी पडली तर श्रेणी खाली येते आणि ते विमान तिथे उतरूच शकत नाही. म्हणजे दिवसात एकच फ्लाइट असली तरी त्या एका फ्लाइटसाठी पूर्ण टीम उभी पाहिजे.

ज्या पट्ट्यांवर एटीसी म्हणजे विमानांना सूचना देणारा नियंत्रण कक्ष नाही तिथे जबाबदारी आणखी पायलटवर जाते. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथे फ्लाइंग स्कूलमुळे धावपट्ट्या जिवंत राहिल्या हे खरं आहे, भाड्याचे पैसे येतात, रोज वापर असल्याने लक्ष राहतं. पण सरावाच्या विमानांचे अपघात पण तिथेच होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती भागात ४ दिवसांत २ ट्रेनर विमानं पडली. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेलं विमान मध्य प्रदेशात बालाघाटच्या डोंगरात कोसळून दोघे गेले. शिकणारी पोरं विशीतली असतात, त्यामुळे "छोटं विमान, छोटा विमानतळ" म्हणून नियम ढिले करणं अजिबात पटत नाही.

पैसा कुठून येतो

मोठा विमानतळ दुकानं, पार्किंग, जाहिराती आणि प्रवाशांकडून घेतलेल्या फीवर चालतो. छोट्याकडे यातलं जवळजवळ काहीच नसतं. त्यात प्राधिकरणाच्या विमानतळांवर ८० पेक्षा कमी सीटच्या देशांतर्गत विमानांना लँडिंग चार्ज माफ आहे, आणि इथे येतं ते बरेचदा तेच एटीआर. म्हणजे जे विमान येतं ते उतरण्याचे पैसे देत नाही. प्राधिकरणाचं बरं, मुंबई विमानतळ चालवणाऱ्या खासगी कंपनीच्या उत्पन्नातून ३८.७ टक्के हिस्सा ठरलेला, अशा पैशातून तोट्यातले विमानतळ सांभाळता येतात. राज्याच्या कंपनीच्या छोट्या विमानतळांत मात्र शिर्डी सोडलं तर फारसं कमावणारं कोणी नाही, बरंचसं बजेटवर.

केंद्राची उडान योजना २०१६ ला आली. तासाभराच्या फ्लाइटचं तिकीट सुरुवातीला २५०० रुपयांच्या आसपास बांधलं, साधारण निम्म्या सीट त्या दरात, आणि एअरलाइनचा तोटा ३ वर्षं सरकार भरणार. त्यातला ८० टक्के मोठ्या मार्गांवरच्या फ्लाइटवर लावलेल्या लेव्हीतून आणि २० टक्के राज्याकडून. शिवाय राज्याने इंधनावरचा व्हॅट १ टक्का करायचा, पोलीस आणि फायर सर्व्हिस फुकट द्यायची. जळगाव आणि कोल्हापूरला २०१७ च्या डिसेंबरात याच योजनेतून विमान आलं. पण नीट बघितलं तर ही मदत मुख्यतः एअरलाइनला होती, विमानतळाच्या गवताला आणि बंबाला नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात आकडे आहेत, तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, ३७१ सुरू झाले त्यातले ११२ नीच ३ वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ ला त्यातले फक्त ५४ चालू होते.

चिपीला हे डोळ्यांसमोर घडलं. ९ ऑक्टोबर २०२१ ला केवढ्या गाजावाजात उद्घाटन झालं, गणपतीला विमानाने गावी जायचं म्हणून चाकरमानी खूश होते, आणि ३ वर्षांची मुदत संपताच २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची फ्लाइट बंद पडली. पण २५०० मीटरचा रनवे काही बंद होत नाही, त्याच्या कडेचं गवत मुंबईचं विमान आलं नाही तरी जूनमध्ये वाढतंच आणि बंबावरच्या माणसांचा पगार पण दर महिन्याला द्यावाच लागतो.